धाराशिवच्या बायकांनी दिलेले उत्तर

बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी १९११ साली लातुरात पोचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये ती सुरू केली तेव्हा ती कुर्डुवाडी ते बार्शी एवढीच धावत होती. पुढे ती येडशीवरून लातूरला आली, दुसरीकडे पंढरपूरवरून मिरजेला गेली. कापूस, धान्य आणि पंढरीचे वारकरी यांच्यासाठी घातलेली ही वाट विसाव्या शतकाच्या अखेरीस आजारी माणसांचीही झाली, कारण बार्शीत नर्गिस दत्त यांच्या नावाचे कॅन्सर रुग्णालय उभे राहिले होते. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात जायचे तर राहण्याची सोय हवी, सोबतीला माणूस हवा, गाठीला पैसा हवा. बार्शी त्या मानाने आवाक्यातली होती. लातूर जिल्हाही १९८२ पर्यंत उस्मानाबादचाच, म्हणजे आजच्या धाराशिवचाच, भाग होता. सोयरीक, बाजार आणि दवाखाना यांच्यासाठी माणसे जिल्ह्याची हद्द पाहत नव्हती.

आज लातूर-नांदेडच्या डॉक्टरांच्या बोलण्यात 'लिक्विड बायोप्सी' हा शब्द येतो. गाठीचा तुकडा न काढता हातातून रक्त घ्यायचे आणि त्यातून कॅन्सरचा माग काढायचा, अशी ही तपासणी. उपचार चालू असलेल्या रुग्णासाठी ती मागवली जाते, आणि काही कंपन्या धडधाकट माणसालाही ती करून घ्यायला सांगू लागल्या आहेत. या नव्या तपासणीला कोणता प्रश्न विचारायचा, हे बार्शी आणि उस्मानाबादच्या खेड्यांत एकदा ठरून गेले आहे. तो इतिहास आपल्या दारातला असूनही आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

सुरुवात १९८७ ची. त्या वर्षी बार्शीत कॅन्सरची नोंदणी सुरू झाली, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. बार्शी तालुका आणि त्याला लागून असलेले मराठवाड्यातले परंडा व भूम हे तालुके तिच्या कक्षेत होते. शहरातली नोंदणी दवाखान्यांच्या कागदांवर चालते. इथे तसे करून भागणार नव्हते, कारण माणसे दवाखान्यापर्यंत येतच नव्हती. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले. जाणत्या माणसांना भेटायचे, सभा घ्यायची, लक्षणे सांगायची आणि कुणाला तसे काही दिसत असेल तर तिला तपासणीला आणायचे. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाते, पांढऱ्या पाण्याला घाण वास येतो, या गोष्टी बायका जावेलाही सांगत नव्हत्या. त्या आता पहिल्यांदा चारचौघींत बोलल्या जाऊ लागल्या.

डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षांनी आकडे पडताळले. १९८८-८९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या सुमारे ३८ टक्के बायका पहिल्या दोन टप्प्यांत सापडत होत्या. १९९०-९२ मध्ये हे प्रमाण ५१ टक्क्यांवर गेले. एकही नवे यंत्र आले नव्हते. कुणीतरी दारात येऊन विचारले होते, आणि पुढे कुठे जायचे ते सांगितले होते.

या नोंदणीने आणखी एक गोष्ट कमावली, जिची किंमत पुढे कळली. कोणत्या गावात कुणाला कॅन्सर झाला आणि त्यातले कोण दगावले, हे वर्षानुवर्षे मोजत राहण्याची सवय या भागाला लागली. घरोघर ओळख असलेले कार्यकर्ते तयार झाले. याच पायावर १९९९ मध्ये मोठे काम उभे राहिले.

तेव्हा जगापुढचा प्रश्न असा होता. गर्भाशयमुखाचा कॅन्सर होण्याआधी तिथल्या पेशी कित्येक वर्षे बिघडत जातात. तो बिघाड वेळीच सापडला तर गोठवून किंवा छोट्या शस्त्रक्रियेने काढता येतो. श्रीमंत देशांत यासाठी पॅप तपासणी होती: पेशी काचपट्टीवर घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. पण तिला तरबेज डोळे लागतात आणि ती दर काही वर्षांनी पुन्हा करावी लागते. गरीब मुलखासाठी दोन पर्याय पुढे आले होते. एकात गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक ॲसिड लावायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते नर्सने डोळ्यांनी पाहायचे. दुसऱ्यात या कॅन्सरला कारणीभूत असलेल्या ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसचा, म्हणजे एचपीव्हीचा डीएनए प्रयोगशाळेत शोधायचा. विषाणूचा हा संबंध जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउसेन यांनी दाखवून दिला होता आणि त्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. या तिन्हींपैकी खेड्यातल्या बाईचा जीव खरोखर कशाने वाचतो, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हते.

फ्रान्समधल्या ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेचे डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन, टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री व संचालक डॉ. केटायून दिनशॉ, आणि बार्शीचे डॉ. नेने व डॉ. जयंत यांनी मिळून उस्मानाबाद जिल्हा निवडला. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. जिल्ह्यातल्या गावांचे ५२ समूह केले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांची नोंद झाली. मग हे समूह चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने चार गटांत वाटले गेले. ३४,१२६ बायकांच्या गटाला एचपीव्ही तपासणी, ३२,०५८ जणींना पॅप, ३४,०७४ जणींना ॲसिटिक ॲसिडची तपासणी. उरलेल्या ३१,४८८ जणींना आजाराची माहिती आणि तपासणी कुठे होते याचा सल्ला मिळाला, एवढेच. तपासणीही एकदाच होणार होती. दरवर्षी फेरी मारणे आपल्या आरोग्यव्यवस्थेला जमणार नाही हे गृहीत धरूनच आखणी केलेली होती, आणि मला ती या प्रयोगातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

ऑक्टोबर १९९९ ते नोव्हेंबर २००३ अशी चार वर्षे तपासण्या चालल्या. प्रशिक्षण घेतलेल्या नर्सबाई आणि आरोग्यसेविका गावात येत आणि नमुने बार्शीला जात. ज्यांनी खेड्यात काम केले आहे त्यांना यातली अडचण सांगायला नको. दुखत-खुपत काही नसताना बाईने परक्या माणसापुढे टेबलावर झोपायचे. घरचा पुरुष म्हणणार, तुला काय झालंय? सासू म्हणणार, रान सोडून कुठं चाललीस? खुरपणीच्या दिवसांत एक दिवस गेला तर मजुरी बुडणार. आणि तरीही तिन्ही गटांत बोलावलेल्या बायकांपैकी जवळपास ८० टक्के आल्या. हा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचतो. शहरांतल्या शिकलेल्या वस्त्यांतही तपासणीला इतकी हजेरी लागत नाही. बारा वर्षे नोंदणीच्या माणसांनी गावांत जो विश्वास कमावला होता, त्याचे हे फळ आहे असे माझे मत आहे.

२००५ मध्ये पहिला अहवाल आला. त्यात तिन्ही तपासण्या जवळजवळ सारख्याच ठरल्या. कॅन्सरपूर्व गंभीर बिघाड पॅपने १ टक्का बायकांत शोधला, एचपीव्ही तपासणीने ०.९ टक्का, ॲसिटिक ॲसिडने ०.७ टक्का. तिथेच कागद मिटवले असते तर निष्कर्ष सोपा होता: पॅप किंचित सरस, आणि डोळ्यांनी पाहण्याची पद्धत स्वस्त, तेव्हा ती घ्या. संशोधनातली कित्येक कामे अशाच ठिकाणी संपतात. किती सापडले हे मोजले, निबंध छापला, निधी संपला.

इथे तसे झाले नाही. कार्यकर्ते २००७ अखेरपर्यंत त्याच गावांत जात राहिले. कुणाला कॅन्सर झाला, कोणत्या टप्प्यात सापडला, कोण गेली, याची नोंद होत राहिली. २ एप्रिल २००९ च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल आला, तेव्हा चित्र बदललेले होते. काहीच तपासणी न झालेल्या गटात या कॅन्सरने ६४ बायका दगावल्या होत्या. पॅप गटात ५४ आणि ॲसिटिक ॲसिडच्या गटात ५६. हे फरक योगायोगाचेही असू शकत होते. एचपीव्ही गटात मात्र ३४. एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यूचा धोका जवळपास निम्मा केला होता. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यात गेलेले कॅन्सर तुलनेच्या गटात ८२ होते, एचपीव्ही गटात ३९.

शोधण्याच्या कामात सारख्या असलेल्या तपासण्या वाचवण्याच्या कामात इतक्या वेगळ्या का ठरल्या? उत्तर 'निगेटिव्ह' आलेल्या बायकांत आहे. ज्यांना 'तुम्हाला काही नाही' म्हणून घरी पाठवले, त्यांच्यापैकी पुढे कॅन्सर कुणाला झाला हेही बार्शीकरांनी मोजले. पॅप निगेटिव्ह असलेल्यांत २२, ॲसिटिक ॲसिड निगेटिव्ह असलेल्यांत २५, एचपीव्ही निगेटिव्ह असलेल्यांत फक्त ८. या तिन्ही संख्या साधारण सारख्याच मोठ्या गटांतल्या आहेत. डोळा आजचा बिघाड पाहतो. विषाणूचा डीएनए पुढच्या काही वर्षांचा धोका सांगतो. बाई पुन्हा तपासणीला येणारच नसेल, तर हा फरक जीवनमरणाचा होतो. आणि तो दिसायला सहा-आठ वर्षे गावे सोडून चालत नाही.

या प्रयोगाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ३१,४८८ बायकांना तपासणी मिळाली नाही आणि त्यांच्यातल्या ६४ जणी गेल्या. पॅप तपासणीने कॅन्सर टळतो हे जगाला आधीपासून माहीत असताना एका गटाला तसेच सोडणे नीतीला धरून होते का, असा सवाल अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट एरिक सुबा यांनी लावून धरला आणि त्यावर वैद्यकीय नीतीच्या नियतकालिकांत वर्षानुवर्षे वाद झाला. संशोधकांचे म्हणणे होते की, भारतातल्या खेड्यात त्या वेळी तपासणी नसणे हीच रीत होती, आणि तुलनेचा गट नसता तर कशाचाच पुरावा मिळाला नसता. पॅपच्या गटातही मृत्यू ठामपणे कमी झाले नाहीत हे निकालात दिसले, त्यामुळे या म्हणण्यात तथ्य आहे हे मान्य करावे लागते. पण 'रीत' हा शब्द मला टोचतो. ती रीत त्या बायकांनी ठरवलेली नव्हती. त्यांच्याकडे काहीच पोचत नव्हते, म्हणूनच त्यांचा जिल्हा प्रयोगाला सोयीचा ठरला. त्या ६४ जणींचे ऋण जगावर आहे, असे मी समजतो.

जगाने निकाल मात्र उचलला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शनात एचपीव्ही तपासणीला पसंती दिली आणि २०२१ मध्ये सर्व देशांनी तीच पहिली तपासणी म्हणून वापरावी असे सांगितले. बार्शीचा हात एवढ्यावर थांबला नाही. २००९ मध्ये मुलींना एचपीव्ही लशीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात याचा अभ्यास भारतातल्या नऊ केंद्रांत सुरू झाला, त्यात बार्शी होते. आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्या लसप्रकल्पावरून उठलेल्या वादळात सरकारने २०१० मध्ये लसीकरण थांबवले, आणि हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. त्यांचाही माग सोडला गेला नाही. एका डोसनेही जवळपास तेवढेच संरक्षण मिळते हे त्यातून दिसले, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यात या मुलींच्या आकड्यांचा मोठा वाटा आहे.

आणि आपण? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कधीतरी झालेल्या होत्या १.९ टक्के. ज्या देशाच्या एका जिल्ह्याने जगाला उत्तर दिले, तिथे हा आकडा.

आता रक्ताकडे वळू. त्याची कथा बरीच जुनी आहे. १८६९ मध्ये मेलबर्नच्या थॉमस ॲशवर्थ यांना कॅन्सरने मेलेल्या एका माणसाच्या रक्तात त्याच्या गाठींतल्यासारख्याच पेशी दिसल्या. १९४८ मध्ये स्ट्रासबर्गच्या मांडेल आणि मेते यांनी रक्तद्रवात पेशींबाहेर सुटा डीएनए फिरत असतो हे दाखवले. त्याकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही. १९७७ मध्ये कॅन्सरच्या रुग्णांत हा सुटा डीएनए वाढलेला असतो असे आढळले. १९९७ मध्ये डेनिस लो यांनी गर्भवतीच्या रक्तात बाळाचा डीएनए शोधला, आणि परक्या डीएनएचे बारीक तुकडे ओळखण्याच्या तंत्राला खरी गती मिळाली. २००४ मध्ये रक्तातल्या कॅन्सर पेशी मोजणाऱ्या यंत्राला अमेरिकेत परवानगी मिळाली. १ जून २०१६ रोजी फुप्फुसाच्या कॅन्सरमधला ईजीएफआर जनुकाचा बिघाड रक्तातून ओळखणारी तपासणी तिथल्या औषध प्रशासनाने मंजूर केली. गाठीचा तुकडा काढणे धोक्याचे असलेल्या रुग्णाला योग्य गोळी निवडून देणारी ती पहिली मंजूर लिक्विड बायोप्सी.

यामागची कल्पना समजायला अवघड नाही. पेशी मरतात तेव्हा त्यांचा डीएनए तुटून रक्तात येतो. हे तुकडे साधारण १६६ अक्षरांचे असतात आणि तास-दोन तासांत निम्मे नाहीसे होतात. गाठीतल्या पेशींचे तुकडेही त्यात असतात आणि त्यांच्यावर त्या गाठीचे बिघाड लिहिलेले असतात. म्हणून आज घेतलेले रक्त आजची स्थिती सांगते; गाठ वाढते आहे, औषधाला दाद देते आहे की नवा बिघाड घेऊन निसटते आहे, ते त्यात कळू शकते. पण गाठ लहान असेल तर तिचा वाटा दहा हजारांत एकाहूनही कमी असतो, आणि एका नळीभर रक्तात कोणत्याही जनुकाच्या प्रती मुळात काही हजारच मिळतात. लातूरच्या आडतीत तुरीच्या पोत्यात वेगळ्या वाणाचा एकच दाणा असेल, तर मूठभर तूर हातात घेऊन तो दिसेलच असे नाही. डोळे कितीही तीक्ष्ण असले तरी तो मुठीत यावा लागतो. लवकरच्या टप्प्यातला कॅन्सर रक्तात हुकतो तो पुष्कळदा एवढ्याच कारणाने.

महाराष्ट्र या कामात मागे नाही. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या स्तन आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठीच्या रक्ततपासण्यांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१-२२ मध्ये 'ब्रेकथ्रू' दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे मंजुरी नव्हे, लवकर छाननी करण्याचे आश्वासन आहे. ग्राहकाने हा फरक लक्षात ठेवायला हवा. पुण्यात डॉ. जयंत खांदारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय सूक्ष्मकणांनी रक्तातल्या कॅन्सर पेशी पकडणारी 'ऑन्कोडिस्कव्हर' तपासणी तयार केली, आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर तिचा अभ्यास केला. गुटखा, खर्रा आणि मिसरीच्या आपल्या मुलखाला हा विषय जवळचा आहे. खारघरच्या टाटा केंद्रातले डॉ. इंद्रनील मित्रा तर रक्तातला हा डीएनए केवळ खूण नाही, तो निरोगी पेशींत शिरून त्यांना बिघडवतो, असे मांडत आले आहेत. हे मत सर्वमान्य नाही. पण याच डॉ. मित्रांनी मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायकांचा वीस वर्षे माग ठेवून, प्रशिक्षित आरोग्यसेविकेने हाताने केलेली स्तनतपासणी पन्नाशीपुढच्या बायकांतले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी करते, हे २०२१ मध्ये दाखवले. प्रयोगशाळा आणि वस्ती, दोन्हींकडे इतक्या चिकाटीने पाहणारा माणूस विरळा.

रक्ततपासणीला धाराशिवच्या २००५ आणि २००९ च्या निकालांतला, म्हणजे शोधणे आणि वाचवणे यांतला, फरक लावून पाहिला की तिच्या यशापयशाचा नीट उलगडा होतो. स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या रुग्णांत रक्तातल्या पेशी जास्त असतील तर आयुष्य कमी, हे २००४ पासून पक्के होते. मग अमेरिकेत एक प्रयोग झाला: केमोच्या पहिल्या फेरीनंतरही पेशी कमी झाल्या नाहीत, तर लगेच दुसरी केमो द्यायची. २०१४ मध्ये निकाल आला. औषध बदललेल्या बायका जास्त जगल्या नाहीत. रक्ताने खरे तेच सांगितले होते, पण त्या सांगण्यावर करण्यासारखे हातात काही नव्हते. याच्या उलट २०२२ चा ऑस्ट्रेलियातला प्रयोग. मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या ४५५ रुग्णांत, रक्तात गाठीचा डीएनए उरला असेल तरच केमो, असा नियम एका गटाला लावला. केमो घ्यावी लागणाऱ्यांचे प्रमाण २८ वरून १५ टक्क्यांवर आले आणि दोन वर्षांत आजार परतण्याचे प्रमाण वाढले नाही. ज्या शेतकऱ्याला केमोच्या प्रत्येक फेरीसाठी गाडी करून लातूर, सोलापूर किंवा हैदराबाद गाठावे लागते, हाताला मुंग्या येऊन ज्याला विळा धरता येत नाही, त्याच्यासाठी ही बातमी मोलाची आहे. उपचारानंतरच्या देखरेखीत लिक्विड बायोप्सीचे भले भविष्य मला इथे दिसते.

निरोगी माणसाला तपासण्याचे प्रकरण निराळे आहे. ब्रिटनमध्ये २००१ पासून दोन लाखांहून अधिक बायकांत बीजकोशाच्या कॅन्सरसाठी सीए-१२५ या रक्ततपासणीचा प्रयोग झाला. दरवर्षी रक्त तपासलेल्या गटात कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडले. सगळ्यांना वाटले, जिंकलो. २०२१ मध्ये अंतिम निकाल आला, तर मृत्यू कमी झालेले नव्हते. अनेक प्रकारचे कॅन्सर एकाच नळीत शोधणाऱ्या गॅलेरी तपासणीच्या २०२३ मध्ये छापलेल्या अमेरिकन अभ्यासात सहा हजारांहून अधिक माणसांपैकी ९२ जणांना 'कॅन्सरची खूण आहे' असा निकाल मिळाला. त्यांच्यातल्या ३५ जणांना तो निघाला, बाकीच्या ५७ जणांना नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली शील्ड ही रक्ततपासणी कॅन्सर असलेल्या १०० पैकी ८३ जणांत तो ओळखते, पण कॅन्सरच्या आधीच्या गंभीर बिघाडांपैकी जेमतेम १३ टक्के. धाराशिवमध्ये तर कॅन्सरच्या आधीची ही पायरीही गाठली गेली होती.

एक आशादायक दाखलाही आहे, आणि तो धाराशिवच्या नात्यातला आहे. हाँगकाँगमध्ये डेनिस लो यांच्या गटाने २०,१७४ पुरुषांच्या रक्तात एप्स्टीन-बार विषाणूचा डीएनए शोधला. नाकामागच्या घशाचा कॅन्सर तिथे या विषाणूमुळे होतो. ३४ जणांत हा कॅन्सर सापडला आणि त्यांच्यापैकी ७१ टक्के पहिल्या दोन टप्प्यांत होते, एरवी हे प्रमाण २० टक्के असायचे. इथेही विषाणूचाच डीएनए, इथेही नेमका एकच कॅन्सर आणि तो जिथे जास्त होतो तिथलीच माणसे. मला हा मार्ग बरोबर वाटतो. तरी मृत्यू किती टळले हे मोजायला तुलनेचा गट तिथे नव्हता.

गॅलेरी तपासणीने उगाच 'खूण आहे' म्हणून सांगितलेल्या त्या ५७ जणांचा विचार मराठवाड्यात करायचा, तर बीडची आठवण टाळता येत नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' हे वाक्य त्यातल्या कितीतरी जणींनी ऐकले होते. कॅन्सरच्या भीतीवर आपल्या भागात कर्जे काढली जातात, दागिने मोडले जातात, अवयव काढले जातात. अशा ठिकाणी रक्ताचा एक 'पॉझिटिव्ह' कागद हातात पडला आणि स्कॅनमध्ये काहीच दिसले नाही, तर त्या घराने काय करायचे? लातूरचे विवेकानंद रुग्णालय डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सोबत्यांनी १९६६ मध्ये सुरू केले आणि आज तिथे कॅन्सरवर उपचार होतात. छत्रपती संभाजीनगरात सरकारी कॅन्सर रुग्णालय आहे. या ठिकाणचे डॉक्टर खरोखरच आजारी असलेल्यांच्या रांगेने थकलेले असतात. त्या रांगेत निरोगी पण घाबरलेली माणसे उभी करण्याआधी त्यातून कुणाचा जीव वाचतो ते माहीत असले पाहिजे.

ते माहीत करून घेण्याची वाट मराठवाड्याला नवी नाही. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत गावांचे समूह पाडता येतील. तोंडाच्या कॅन्सरपासून सुरुवात करता येईल, कारण तो इथे जास्त आहे. आशाताईने बॅटरी लावून तोंड पाहणे एका गटाला, त्याला जोडून रक्ततपासणी दुसऱ्या गटाला. नुसते तोंड पाहूनही तंबाखू-दारूचे व्यसन असलेल्यांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, हे २००५ मध्ये केरळातल्या प्रयोगाने दाखवलेच आहे, तोही डॉ. शंकरनारायणन यांच्याच हातचा. ज्या कंपनीला आपली तपासणी इथे विकायची आहे, तिने आठ-दहा वर्षे गावांत राहून मृत्यू मोजण्याचा खर्च द्यावा, आणि पॉझिटिव्ह निघालेल्या प्रत्येकाच्या पुढच्या तपासण्या व उपचार फुकट व्हावेत, जसे बार्शीने केले. बायकांचा गट असेल तर तुलनेच्या गटातल्या बाईला रिकाम्या हाताने घरी पाठवण्याचे कारण आता उरलेले नाही. तिला निदान एचपीव्ही तपासणी मिळाली पाहिजे. तिचा पुरावा २००९ मध्ये धाराशिवच्या बायकांनी देऊन ठेवला आहे.